चार वर्षांनी, दोन वर्षांनी, मग दरवर्षी

रेल्वेचं इंजिन चालवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांना वेळापत्रक असतं. नोकरीला लागल्यापासून पंचेचाळिशीपर्यंत दर ४ वर्षांनी तपासणी, ४५ ते ५५ दर २ वर्षांनी आणि त्यापुढे निवृत्त होईपर्यंत दरवर्षी. धूसर दिसतंय का, डोळे चुरचुरतात का, हे कोणी आधी विचारत नाही. तारीख आली की लोको पायलटने रेल्वेच्या दवाखान्यात हजर व्हायचं, दूरचं, जवळचं, रंगांचं सगळं तपासून घ्यायचं आणि मगच पुन्हा गाडीवर जायचं.

कोलकात्यात हुगळीच्या काठावर गार्डन रीच आहे. दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय तिथेच, तिचं मध्यवर्ती रुग्णालयही तिथेच. ही रेल्वे म्हणजे १८८७ सालच्या बंगाल-नागपूर रेल्वेची वारस. नागपूर विभागाचा कारभार २००३ पर्यंत इथूनच चालायचा, त्यामुळे इतवारी-मोतीबागच्या रेल्वे कुटुंबांना गार्डन रीच हे नाव कागदोपत्री तरी ओळखीचं. पण ही वस्ती नुसती रेल्वेची नाही. नदीकाठी १८८४ साली एका छोट्या कारखान्यातून सुरू झालेली गार्डन रीच शिपबिल्डर्सची गोदी आहे. तिने आजवर शंभराहून जास्त युद्धनौका बांधल्या. गोदीच्या पलीकडे मटियाबुर्ज, तयार कपड्यांच्या शिलाईचं मोठं केंद्र. एका जागी डोळ्यावर पोट, दुसऱ्या जागी कानावर मारा, तिसऱ्या जागी बोटांचं कसब. शरीर कसं घडतं, कसं पिकतं आणि कसं झिजतं हे समजून घ्यायला यापेक्षा सोयीची वस्ती शोधून सापडणार नाही.

घरांमध्ये मात्र असलं वेळापत्रक नसतं. लसीकरणाचं कार्ड संपलं की डोळे, कान, हात-पाय हे सगळं आपोआप चालणारं खातं समजून सोडून दिलं जातं, ते थेट चष्मा लागेपर्यंत. खरं तर प्रत्येक इंद्रियाची घडण्याची मुदत वेगळी आणि उतरणीला लागण्याचं वयही वेगळं. तपासणी त्या वयाला धरून केली तरच उपयोगी पडते.

पहिल्या दीड वर्षात घरात सगळ्यात जास्त चर्चा हालचालींची होते. शेजारचं बाळ नवव्या महिन्यात उभं राहिलं आणि आपलं अजून बसूनच आहे, म्हणून आजीचा जीव खालीवर. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह ५ देशांतल्या निरोगी बाळांची नोंद ठेवून २००६ मध्ये याचं उत्तर दिलं. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान कधीही, स्वतःचं स्वतः चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान कधीही. म्हणजे एक बाळ नवव्या महिन्यात आणि दुसरं सतराव्यात चाललं, तरी दोघंही ठीकच. आणखी गंमत म्हणजे शंभरातली चारेक बाळं हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, तशीच उठून चालायला लागली. भारतीय बाळांसाठी मोजपट्टी हवी म्हणून बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी जी चाचणी तयार केली, ती 'डासी' या नावाने आजही देशभरातल्या बालविकास केंद्रांत वापरली जाते.

तेव्हा शेजारच्या बाळाशी तुलना सोडून द्यावी आणि खरोखरच्या खुणांकडे लक्ष ठेवावं. चार महिने उलटूनही बाळ मान धरत नसेल, नऊ-साडेनऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसत नसेल, अठरा महिने होऊनही चालत नसेल, तर थांबू नये. आणखी एक खूण सहसा कौतुकात हरवते. वर्षाच्या आतलं बाळ प्रत्येक वस्तू एकाच हाताने घेत असेल, तर घरात 'डावखुरा होणार वाटतं' असं हसून म्हटलं जातं. हाताची पसंती इतक्या लवकर ठरत नाही. दुसरा हात कमजोर असण्याची ती खूण असू शकते, म्हणून बाळ डॉक्टरांना दाखवावंच. आलेलं कौशल्य गेलं, म्हणजे बसणारं बाळ बसेनासं झालं, तर त्याच आठवड्यात.

बाळ जागं असताना दिवसातून थोडं थोडं करून अर्धा तास त्याला पालथं ठेवावं, तेही समोर कोणीतरी बसलेलं असताना. मान, खांदे, पाठ यांची ताकद त्यातून येते. चाकांचा वॉकर घेऊ नये. त्याने मूल लवकर चालत नाही, उलट पायऱ्यांवरून कोसळण्याचे प्रकार होतात. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. आपल्याकडे तो अजून बारशाच्या आहेरात येतो. मालिश खुशाल करावी, महाराष्ट्रात तिळाच्या किंवा खोबरेल तेलाने, बंगालमध्ये मोहरीच्या, पण कानात-नाकात तेलाचा थेंब घालू नये आणि डोळ्यांत काजळ घालू नये. काजळात शिसं असू शकतं आणि वाढत्या मेंदूला शिसं बाधतं. तीट लावायचीच असेल तर ती पायाच्या तळव्याला लावावी, बोट तोंडात जात नाही अशा जागी.

ऐकण्याच्या बाबतीत घरगुती परीक्षा फसव्या असतात. मागे टाळी वाजवली आणि बाळाने मान वळवली की घरचे निश्चिंत होतात. बाळाने टाळी ऐकलेलीच असते असं नाही. त्याला सावली दिसलेली असते, हवेचा झोत जाणवलेला असतो, किंवा फक्त जाड आवाज ऐकू येत असतो आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटत असतात. शिवाय पूर्ण बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकार देतं, त्यामुळे शंका यायला वर्ष उलटतं. ट्रक, यंत्रं, भोंगे यांच्या गोंगाटात राहणाऱ्या घरात तर आणखीच उशीर. यावर उपाय सोपा आहे. बाळ झोपलेलं असताना कानात छोटं बोंडूक ठेवून दोन-चार मिनिटांत होणारी ओएई नावाची तपासणी. नियम १-३-६ असा लक्षात ठेवावा: पहिल्या महिन्यात चाळणी, दोष असल्यास तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत श्रवणयंत्र आणि उपचार सुरू. भाषा शिकण्याचा मेंदूचा सगळ्यात सुपीक काळ हाच असल्याने सहा महिने आणि दोन वर्षं यांतलं अंतर पुढे भरून काढणं फार कठीण जातं.

कुठे जायचं हा पुढचा प्रश्न. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्यात अंगणवाडी आणि सरकारी शाळांतून तपासणी होते आणि अडचण दिसली तर जिल्ह्याच्या शीघ्र उपचार केंद्रात पाठवलं जातं. मुंबईत वांद्र्याला ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठीची अली यावर जंग संस्था आहे. तिचं पूर्व विभागाचं केंद्र कोलकात्यातच बोनहुगळीला आहे आणि हालचालींच्या अडचणींसाठीची राष्ट्रीय संस्थाही त्याच परिसरात. बदलीवर गेलेल्या मराठी कुटुंबाने हे दोन पत्ते आधीच टिपून ठेवावेत.

डोळ्यांना मुदत थोडी जास्त मिळते, पण तीही संपते. नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटरवरचं बरं दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो साधारण तेवढंच अंतर. सुरुवातीला डोळे अधूनमधून तिरके होतात. चौथ्या महिन्यानंतरही होत असतील तर ते 'भाग्याचं' समजू नये. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा तो तिरळा असेल, तर मेंदू त्याच्याकडून येणारं चित्र बाजूला टाकतो आणि तो डोळा आळशी होतो. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा लावून, चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी लावून त्याला कामाला लावता येतं. पुढे ते अवघड होत जातं. मूल तक्रार करत नाही, कारण दोन्ही डोळे उघडे असताना त्याला सगळं दिसत असतं. तीन-चार वर्षांच्या मुलाचा एक डोळा तळहाताने झाकून खेळ म्हणून चित्रं ओळखायला लावावीत. एका बाजूला झाकलं की ते रडत असेल, हात बाजूला ढकलत असेल, तर उत्तर मिळालं. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल न दिसता पांढरी चमकली तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. डोळ्यातल्या गाठीची ती खूण असू शकते.

आता पतंग. अवधचं राज्य गेल्यावर १८५६ मध्ये नवाब वाजिद अली शाह कोलकात्याला आला आणि मटियाबुर्जला स्थायिक झाला. कोलकात्यात पतंगाचं वेड त्याच्या लवाजम्याने रुजवलं असं मानतात. विश्वकर्मा पूजेला, बहुधा १७ सप्टेंबरला, गोदीत यंत्रांना हार पडतात आणि गच्च्यांवरून 'भोकाट्टा'ची आरोळी उठते. नागपूरकरांना हेच संक्रांतीला. नुसती मजा म्हणून याकडे बघू नये. पतंग उडवणारं मूल मान वर करून शंभर-दोनशे फुटांवरच्या हलत्या ठिपक्यावर नजर धरून असतं, एका हाताने ढील देतं, दुसऱ्याने खेच घेतं, दोऱ्याचा ताण बोटांच्या पेरांना कळतो आणि वाऱ्याच्या हिशोबाने पाय सरकतात. डोळे, हात आणि तोल यांची अशी एकत्र तालीम कुठल्याही महागड्या शिकवणीत मिळत नाही.

शिवाय ते उजेडात होतं. मोकळ्या उजेडात जाणारा वेळ मुलांमधला लघुदृष्टीचा, म्हणजे लांबचं न दिसण्याचा, धोका कमी करतो हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये रोज १२० मिनिटं बाहेर, असा कार्यक्रमच लावला आणि वर्षानुवर्षं वाढत चाललेलं मुलांच्या चष्म्यांचं प्रमाण उतरायला लागलं. म्हणून मुलांनी रोज दोन तास घराबाहेर असावं, शाळेची मधली सुट्टी धरून. चिंचोळ्या गल्लीत मैदान नसेल तर गच्ची चालेल, कठडा छातीइतका उंच असेल तर. मांजा साधा सुती. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो विकला जातो आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापतो. मुलाच्या फिरकीवर काय गुंडाळलंय ते पालकांनी स्वतः चिमटीत धरून बघावं. तो ताणला जात असेल आणि हाताने तुटत नसेल, तर फिरकी घरात येऊ देऊ नये.

तेरा-चौदाव्या वर्षी हेच चपळ मूल एकदम धांदरट होतं. भांडी पाडतं, दारावर खांदा आपटतं. मुलींमध्ये उंचीची झेप साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास. हाडं आधी लांबतात, स्नायू आणि मेंदूतला अंगाचा अंदाज मागून येतो. फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला या काळात गुडघ्याखालच्या उंचवट्यावर दुखतं. ते वाढीचं दुखणं असतं, खेळ थोडा कमी करावा, बंद करू नये. प्रशिक्षकाने संघातून काढलं म्हणून पोराचा खेळ संपला असंही समजू नये, वर्षभरात घडी बसते.

याच वयात एक तपासणी आवर्जून करावी, ती रंगांची. लाल-हिरव्याचा फरक नीट न कळणं हा दोष मुलांमध्ये मुलींपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, कारण तो बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतो आणि आईला स्वतःला तो नसतो. स्वीडनमध्ये लागरलुंडा इथे १८७५ साली दोन गाड्यांची टक्कर झाली, तेव्हा हॉल्मग्रेन या शास्त्रज्ञाने सिग्नलचा रंग न ओळखल्याचा संशय घेतला आणि रंगीत लोकरीच्या लडी निवडायला लावून रेल्वे नोकरांची परीक्षा सुरू केली. त्या अपघाताचं खरं कारण तेच होतं का याबद्दल आज इतिहासकारांना शंका आहे, पण परीक्षा टिकली. आता ठिपक्यांतून आकडा ओळखण्याचे इशिहारा तक्ते असतात, जिल्हा रुग्णालयातही. असिस्टंट लोको पायलट व्हायचं म्हणून दहावीनंतर आयटीआयची दोन वर्षं घालवायची आणि वैद्यकीय तपासणीत 'अनफिट' ऐकायचं, हा मनस्ताप दहा मिनिटांच्या तपासणीने टळतो. त्या पदाला चष्म्याशिवाय ६/६ नजर लागते आणि लेसरने नंबर काढलेले डोळे चालत नाहीत, हेही क्लासची फी भरण्याआधीच बघावं. रंगदोषावर उपचार नाही. कामं मात्र असंख्य आहेत, आणि आठवीतच कळलं तर दिशा बदलायला वेळ असतो.

मटियाबुर्जचे ओस्तागर, म्हणजे शिलाईचे उस्ताद, ज्या बोटांवर उभे आहेत ती बोटं नऊ-दहा महिन्यांच्या बाळाच्या चिमटीपासून घडायला लागतात. भिंतीवरच्या मुंग्या, जमिनीवरचा मुरमुरा चिमटीत उचलणं ही पहिली पायरी. पुढे शेंगा सोलणं, गुंड्या लावणं, कणकेच्या गोळ्या. यासाठी खेळणी विकत आणायची गरज नाही, स्वयंपाकघर पुरतं, मूल दाणा नाकात घालत नाही ना एवढं बघितलं की झालं.

बोटं तरबेज होतात आणि नेमका डोळा मागे हटायला लागतो. दहा वर्षांच्या मुलाला सात-आठ सेंटिमीटरवरचं स्पष्ट दिसतं, चाळिशीत हे अंतर वीस-पंचवीसवर जातं आणि पुढे हातभर. डोळ्यातलं भिंग दरवर्षी थोडं कडक होत जातं, त्यात रोग काही नाही. शिलाईच्या खोलीत हे अगदी स्पष्ट दिसतं. काळ्या कापडावर काळा दोरा आला की पन्नाशीचा कारागीर सुई ट्यूबलाइटकडे धरतो, हात लांब करतो, मान मागे घेतो, दोऱ्याचं टोक ओलं करून दोनदा हुकतो आणि शेवटी शेजारच्या पोराला हाक मारतो. तो याला वय म्हणतो. हाच खर्चिक गैरसमज आहे.

किती खर्चिक, याचं मोजमाप झालेलं आहे. आसामच्या चहामळ्यांत चाळिशीपुढच्या मजुरांना साधे जवळचे चष्मे दिले, तेव्हा चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पत्ती तोडण्याची क्षमता २१.७ टक्क्यांनी जास्त वाढली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बांगलादेशात शिंप्यांसह हातकाम करणाऱ्यांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चष्मा मिळालेल्यांची कमाई आठ महिन्यांत ३३.४ टक्क्यांनी जास्त भरली. तोही साधा वाचायचा चष्मा.

म्हणून चाळीस पूर्ण झाल्यावर डोळ्यांची तपासणी, तक्रार असो वा नसो. फक्त नंबर काढून भागत नाही, डोळ्याचा दाब आणि पडदाही बघून घ्यावा, कारण काचबिंदू न दुखता नजर खातो. चष्मेवाल्याकडे जाताना मापाची पट्टी वापरावी: यंत्रावर किंवा ओट्यावर काम करताना डोळ्यांपासून सुई, सुरी, पाटी किती लांब असते ते मोजून सांगावं. वाचण्याचं अंतर आणि शिलाईचं अंतर एक नसतं आणि त्याच गडबडीत चष्मा पेटीत पडून राहतो. दिवा उजव्या हाताने काम करणाऱ्याला डावीकडून यावा.

गोदीची गोष्ट कानाची. गार्डन रीचचा कारखाना सुरू झाला त्याच सुमारास, १८८६ मध्ये, ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले. त्यातल्या एकाचंही ऐकणं पूर्ण शाबूत नव्हतं. आतल्या कानात आवाज पकडणाऱ्या केसपेशी जन्मतः सुमारे १५,००० असतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. गोंगाट आधी उंच पट्टीतलं ऐकणं नेतो. माणसाला आवाज येतो, शब्द कळत नाहीत. स, श, फ, थ निसटतात, 'साठ' म्हटलं की 'आठ' ऐकू येतं आणि भावाच्या घासाघिशीत घोटाळा होतो. घरचे म्हणतात, हवं तेवढंच ऐकतात.

हातभर अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तिथला आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे आणि पूर्ण पाळीभर तो कानाला बाधतो. भारतीय कारखान्यांत आठ तासांची मर्यादा ९० डेसिबल आहे, पण काळजी ८५ लाच सुरू करावी. फोमचे बोळे बहुतेक जण नुसते कानाशी टेकवतात, त्याने काही होत नाही. बोळा बोटांत वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढायचा, बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. बरोबर बसला तर आपलाच आवाज घुमल्यासारखा वाटतो. पाळी संपल्यावर कानात गुंई आवाज राहत असेल तर तो पहिला इशारा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात श्रवणचाचणी करून कागद जपून ठेवावा, म्हणजे पुढे काय गेलं ते कळतं. हेच पुण्याच्या ढोल-ताशा पथकांतल्या पोरांना लागू आहे, आणि दुर्गापूजेत ढाक वाजवणाऱ्यांनाही. कानात इअरफोन घालून लोकल गाठणाऱ्यांनी आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नये.

साठीनंतर रेल्वेचं वेळापत्रक नेमकं तेव्हा थांबतं जेव्हा त्याची गरज वाढते. रुग्णालयाचं दार पेन्शनरला उघडं असतं, पण बोलावणं येत नाही. तेव्हा वाढदिवसाच्या महिन्यात डोळे, कान आणि रक्तातली साखर, अशी तारीख घरानेच ठरवावी. मधुमेह असेल तर तळपायाची संवेदनाही, कारण तोल तीन ठिकाणांहून सांभाळला जातो: डोळे, आतला कान आणि पाय. दोन खाती कमजोर झाली की अंधारात माणूस पडतो. ब्राझीलमध्ये ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांचा अभ्यास झाला, त्यात एका पायावर १० सेकंद उभं न राहू शकणाऱ्यांमध्ये पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. ही परीक्षा ओट्याजवळ, हात टेकता येईल असं उभं राहून घ्यावी. जमली नाही तर घाबरून न जाता रोज दात घासताना सराव करावा, आधी बेसिनला हात लावून, मग एक बोट टेकवून.

मांडी घालून जेवणाऱ्यांकडे एक आयता व्यायाम आहे. गुडघे ठीक असतील तोवर जमिनीवर बसणं सोडू नये, आणि उठताना आज किती आधार लागला, दोन हात, एक हात की नुसता गुडघ्यावर तळवा, हे महिन्याकाठी बघावं. आधार वाढत असेल तर खुर्चीवरून हात न लावता दहा वेळा उठणं-बसणं, आठवड्यातून किमान तीन दिवस, याने मांड्यांची ताकद परत येते, सत्तरीतही. आणि रात्री पलंगापासून संडासापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवून तिथे छोटा दिवा लावावा. वाटेतलं सुटं पायपुसणं उचलून टाकावं.